सोनाबाय आणि बियाण्याचा मुडा

सोनाबायचं घर मला मिळालं ते दुसरं कुठलं मिळेना म्हणून.

खालापूरजवळच्या त्या शाळेवर माझी नेमणूक झाली तेव्हा मी नुकती ट्रेनिंग कॉलेजातून बाहेर पडले होते. साताऱ्याकडचं आमचं गाव, तिथून एस.टी. बदलत बदलत दुपारी पोचले. गावात एका घरी खोली सांगून ठेवलेली होती. मालकांनी मला ओसरीवर बसवलं, आत चहा सांगितला, गाव विचारलं, मग आडनाव विचारलं. त्यानंतर चहा काही बाहेर आला नाही. थोड्या वेळाने मालकांना आठवलं की त्या खोलीत यंदा भाताची पोती ठेवायची आहेत.

मी ट्रंक उचलून रस्त्यावर आले. डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक उंच, काटक बाई समोरून येत होती. काष्ट्याचं लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पाय चिखलाने भरलेले. ती थांबली.

"कोनाची गं तू?"

"शाळेत बाई म्हणून आलेय."

तिने माझ्या ट्रंकेकडे बघितलं, मी ज्या घरातून बाहेर पडले होते त्या घराकडे बघितलं, आणि म्हणाली, "चल." तिने भारा उतरवला, माझ्या डोक्यावर दिला, आणि माझी ट्रंक स्वतःच्या डोक्यावर घेतली. "गवात हलकं हाय," एवढंच म्हणाली. अशी मी, गावची नवी शिक्षिका, डोक्यावर गवत घेऊन ओढ्यापलीकडच्या बौद्धवाडीत शिरले. तिच्या पडवीला कुडाची भिंत घालून केलेल्या खोलीत मी पुढे बारा-तेरा वर्षं काढली.

पहिल्याच दिवशी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. आमच्याकडे माणूस दारात आला की 'जेवलास का?' हा पहिला प्रश्न. सोनाबायने विचारलं नाही. पाय धुऊन मी आत आले तोवर ताटली वाढलेली होती. तांदळाची भाकरी, जवळ्याची चटणी, कांदा. "बस," ती म्हणाली.

ती कुणालाच विचारायची नाही. पोस्टमन असो, सुईण असो, वाट चुकलेला वाटसरू असो, ताटली समोर यायची. कधी तिच्यात अर्धी भाकरी असायची, कधी नुसती पेज. एकदा मी कारण विचारलं.

"विचारलं की मानूस हो बोलतो," ती म्हणाली. "भुकेला असंल तो तर आदी हो बोलतो. मंग आपून मोकलं."

मग तिने सांगितलं. ती लहान असताना श्रावण-भादव्यात घरातलं भात संपायचं. टाकळा, कुर्डू, रानातले कंद यांच्यावर दिवस काढायचे. अशा वेळी आई तिला जेवणाच्या वेळेला मावशीकडे पाठवायची. पाठवताना बजावायची, 'जेवलीस का विचारलं तर हो सांग.' मावशी विचारायची, ही हो सांगायची आणि परत यायची.

"मग आईने पाठवलं कशाला?" मी म्हणाले.

"न विचारता वाढतील म्हनून."

सोनाबायचा नवरा मी येण्याआधीच तापाने गेला होता. मुलगा अशोक मॅट्रिक होऊन मोहोपाड्याच्या एका कारखान्यात लागला होता आणि तिकडेच खोली करून राहत होता. कुळकायद्यात नावावर झालेली थोडी भातजमीन होती, वरचा तुकडा आणि ओढ्याकडचा खालचा तुकडा. ती एकटी कसायची. एकटी असल्यामुळे की काय, तिला मोठ्याने बोलायची सवय होती. घरात असली तरी तिचा आवाज दुसऱ्या शेतातल्या माणसाला ऐकू जाईल असा. शेजारी तिच्याशी भांडायला कचरत, कारण भांडण सगळ्या वाडीला पाठ व्हायचं.

सकाळी मिश्री लावत ती अंगणात उभी राहायची आणि आभाळ बघून पाऊस सांगायची. तिचा अंदाज बहुतेक वेळा चुकायचा. आज येत नाय म्हणाली की शाळा सुटेपर्यंत ओढा भरलेला असायचा. मला गंमत वाटायची. पण वाडीतली म्हातारी माणसं सांगत, पूर्वी सोनीचं कधी चुकत नसे, तिच्या सांगण्यावर लोक राब भाजायला काढत. राब म्हणजे पालापाचोळा आणि शेण पसरून जाळलेली जमीन; तिच्यात भाताची रोपं करतात. मी एकदा तिला म्हणाले, "सोनाबाय, तुमचं अलीकडे फार चुकतं."

"माजं नाय चुकत," ती शांतपणे म्हणाली. "त्याचं चुकतंय."

वाडीमागचा डोंगर हे सगळ्यांचं दुखणं होतं. मी येण्याच्या आधी काही वर्षं तिथल्या रानाचे लिलाव झाले, झाडं पडली, कोळशाच्या भट्ट्या लागल्या. मी बघितला तो डोंगर म्हणजे खुरटी झुडपं आणि मधेमधे काळे डाग. पूर्वी ओढा शिमग्यापर्यंत वाहायचा म्हणे. माझ्या वेळी पौषातच त्याचे दगड दिसू लागत. भातानंतर जमिनीतल्या ओलीवर आणि दवावर वाल यायचे. आता ती ओलही लवकर उडायची. वालाच्या शेंगा दर वर्षी थोड्या कमी भरायच्या.

माणूस चंद्रावर जाऊन आला तेव्हा वाडीत ठरलं की पाऊस बिघडला तो त्यामुळेच. पारावर तावातावाने चर्चा चालली होती. सोनाबाय पाण्याला निघाली होती, ती हंडा घेऊन थांबली.

"चांद कोनी बगितला?" ती म्हणाली. "डोंगर आपल्या दारात हाय. मी झाडं तोडली नाय, पन कोळसा मी वायला. त्या पैशात माजा अशोक शाळंत गेला. म्हंजे तोडलीच मी." आणि ती पाण्याला गेली. पारावरची माणसं एकेक करून उठली. तिथल्या बहुतेकांनी कोळसा वाहिला होता.

बहात्तर साल उजाडलं ते असं. देशावर आधीच एक-दोन वर्षं पाऊस ओढ देत होता. आमच्याकडे आषाढात बरा लागला, लावण्या झाल्या, आणि ऐन भात पोटरीला आल्यावर गेला. भरलेली लोंबी खाली वाकते. त्या वर्षी दसऱ्याला शेतं पिवळी झाली पण लोंब्या ताठ उभ्या होत्या. सोनाबायने एक लोंबी तळहातावर चोळली, फुंकली. हातात काही राहिलं नाही. तिने दुसरी चोळली नाही.

दिवाळीनंतर बोरघाट उतरून माणसं येऊ लागली. नगर, बीडकडची. कुणी बैल घेऊन, कुणी नुसती बोचकी घेऊन. काही खोपोलीत शिळफाट्यावर कामं शोधत, काही पुढे जात. एक कुटुंब आमच्या वाडीच्या कडेला आंब्याखाली येऊन टेकलं. रंगनाथ नावाचा पस्तिशीतला शेतकरी, त्याची बायको कौसल्या, चार-पाच वर्षांची मुलगी मुक्ता, आणि बरगड्या दिसणारा एक बैल. दुसरा बैल घाटात बसला तो उठला नव्हता.

वाडीत कुरबुर झाली. आपल्यालाच पुरत नाही, यांना कुठे थारा द्यायचा. सोनाबाय सरळ आंब्याखाली गेली. मी तिच्यामागे गेले.

"ही बौद्धवाडी हाय," तिने पहिलं वाक्य टाकलं. "तुमाला म्हाईत नसंल म्हनून सांगते. चालत असंल तर बसा. नसंल तर गाव ओड्यापल्याड हाय."

रंगनाथने खाली बघितलं. कौसल्येने नवऱ्याकडे बघितलं. पोर आईच्या मांडीवर नुसती पडून होती.

"आमचं जेवण झालंय," तो म्हणाला. कुणी विचारलेलं नव्हतं.

सोनाबाय घरी गेली. भाकरी थापायला बसली नाही. सुपात तांदूळ घेतले, थोडं मीठ, दोन कांदे, आणि बाजारातून आणलेलं एक कोरं मडकं. ते सगळं त्यांच्यासमोर ठेवलं. "चूल तुमची, हात तुमचा," म्हणाली. "पानी इहिरीवर. ते मातर आमचंच."

रंगनाथ तसाच बसून राहिला. कौसल्या उठली, मडकं घेतलं आणि विहिरीवर गेली. भात शिजला तेव्हा तिने आधी पोरीला भरवलं, मग स्वतः खाल्लं. तो जेवला की नाही ते मी बघितलं नाही. सोनाबायने मला दंडाला धरून तिथून नेलं होतं.

"वाईट वाटलं तुम्हाला?" मी वाटेत विचारलं.

"वाटलं ना," ती म्हणाली. "पन त्याच्याकडं आता तेवडंच राह्यलंय. तेपन काडून घेऊ व्हय?"

ती माणसं तिथेच राहिली. रंगनाथ रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागला. बैल सोनाबायच्या पेंढ्यावर जगला. हळूहळू कौसल्या आमच्या पडवीत येऊन बसायची. मुक्ता माझ्या वर्गाच्या दारात. रंगनाथ मात्र अंगणाच्या बाहेर उभा राहून बोलायचा.

रेशनवर त्या दिवसांत लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, यायची. तिची भाकरी तव्यावरच फुटायची आणि घशात अडकायची. भात खाणारी आमची वाडी ती खाऊन कण्हत होती. चैत्रात मुक्ताला जुलाब लागले. मिलो पोटात ठरेना. डॉक्टर म्हणाला, हलकं काही द्या, तांदळाची पेज द्या. पेजेला तांदूळ हवा, आणि तोच कुठे नव्हता. वाडीतल्या चार घरांनी ओंजळ-ओंजळ दिला. मी खोपोलीच्या बाजारात फिरून किडका तांदूळ थोडा मिळवला. तोही संपला.

सोनाबायच्या माळ्यावर बियाण्याचे दोन मुडे होते. मुडा म्हणजे पेंढ्यात घालून, पेंढ्याच्याच दोरांनी आवळून बांधलेला भाताचा गोल गठ्ठा. त्याला पेरणीपर्यंत कुणी हात लावत नाही. घरात उपास पडला तरी नाही. बी खाल्लं तर पुढचं वर्ष खाल्लं, हे तिथल्या लहान पोरालाही ठाऊक असतं.

त्या दिवशी मी शाळेतून आले तेव्हा ती मुड्यासमोर बसली होती. खाली उतरवून ठेवलेला. हात मांडीवर.

"मोजकं काढून परत बांधता येईल," मी म्हणाले.

"सुटला की सुटला," ती म्हणाली. "बांदलेलं बी आनि सुटलेलं भात येगलं असतं, बाय." मग तिने विळ्याने दोर कापला.

त्या भाताची पेज मुक्ताला लागू पडली. चार-सहा दिवसांत ती उठून बसली. आणि सोनाबायचं म्हणणंही खरं ठरलं. एकदा घरात भात दिसल्यावर ते एकट्या पोरीपुरतं राहिना. कौसल्या होती, वाडीतली एक बाळंतीण होती. मुडा उन्हाळाभर कमी होत गेला.

अशोक एका रविवारी सायकलवरून आला. चांगला मुलगा होता, आईसारखाच उंच. दारातच त्याला कापलेले दोर दिसले.

"आये, बी खाल्लंस?"

"पोर आजारी होती."

"आपली हाय का ती?"

"नाय."

"तिचा बाप तुज्या अंगनात पाय ठेवत नाय. तुज्या हातचं खात नाय. त्याच्या पोरीला तू माज्या बापाच्या शेताचं बी घातलंस." त्याचा आवाज चढला नव्हता, उलट बसला होता. "मिरगाला काय पेरशील?"

"एक मुडा हाय."

"आनि पाऊस फसला तर?"

ताटली वाढलेली होती. अशोक ती न शिवता निघून गेला. हे सगळं अंगणाबाहेर उभ्या असलेल्या रंगनाथने ऐकलं होतं. दुसऱ्या दिवसापासून तो खडीवर गेला नाही. सोनाबायच्या खालच्या तुकड्याचा बांध फुटला होता, तो त्याने एकट्याने घातला. आपल्या बैलाला कुणाच्या तरी बैलाची जोड लावून दोन्ही तुकडे नांगरून दिले.

वैशाख संपत आला तसा त्याचा जीव देशाकडे लागला. एका सकाळी ते निघाले. कौसल्या सोनाबायच्या पाया पडायला वाकली. सोनाबायने तिला वरच्यावर धरलं. "पोरीला संबाळ," म्हणाली. रंगनाथ बैलाची दोरी धरून लांब उभा होता. त्याने तिथूनच हात जोडले आणि बराच वेळ जोडलेले ठेवले.

मृगाचा पाऊस वेळेवर आला. सोनाबायने राहिलेला मुडा राबात पेरला. हिरवा कोंब वर आला आणि पाऊस गेला. आर्द्रा सगळी कोरडी. आम्ही दोघींनी विहिरीवरून हंडे आणून रोपांवर ओतले, सगळी वाडी ओतत होती. रोप पिवळं पडलं, मग टोकाकडून जळत गेलं. पाऊस परत आला तेव्हा ज्यांच्याकडे बी होतं त्यांनी दुबार पेरलं. सोनाबायकडे नव्हतं.

शेजाऱ्यांनी लावणीनंतर उरलेली रोपं दिली. तिच्या मोठ्या आवाजाला कंटाळलेल्या शेजारणींनीही दिली. त्यात वरचा तुकडा कसाबसा लागला. खालचा पडीक राहिला. रंगनाथने घातलेल्या बांधाच्या आत गुडघाभर पाणी साठलं, त्यात लव्हाळा माजला. चहूकडे हिरवंगार भात आणि मधे तो तुकडा. सोनाबाय त्या वर्षी दुसऱ्यांच्या लावणीला मजुरीने गेली. लावणी करताना तिची पाठ नेहमी त्या तुकड्याकडे असायची. मुद्दाम तशी उभी राहायची का, ते मला विचारवलं नाही.

पण दुसरं एक विचारलं. भादव्यातल्या एका संध्याकाळी आम्ही पडवीत टाकळा निवडत बसलो होतो. मी म्हणाले, "सोनाबाय, पस्तावा होतो का?"

"होतो ना," ती लगेच म्हणाली. "शेताकडं बगितलं की रोज होतो. पोरीचं तोंड आटवलं की नाय होत. दोनी हाय." मग भाजी निवडत राहिली. जरा वेळाने म्हणाली, "अशोक खोटं नाय बोलला."

अशोक त्या पावसाळ्यात एकदाच आला, उशिरा. सायकलला बियाण्याचं पोतं बांधलेलं. कुठून कुठून हिंडून मिळवलं होतं. पेरणीचे दिवस कधीच उलटून गेले होते. ते त्यालाही ठाऊक असणार. सोनाबायने पोतं उघडलं, मूठभर भात काढून चावून बघितलं.

"चांगलं हाय," ती म्हणाली. "म्होरल्या सालाला."

दुपारी दोघांनी मिळून मुडा बांधला. तिने पेंढा पसरला, भात ओतलं, अशोकने दोराचं टोक ओढून पायाने दाब दिला. "आवळ अजून," ती म्हणायची आणि तो आवळायचा. एवढंच त्यांचं बोलणं झालं. तो रात्री राहिला आणि सकाळी पेज पिऊन गेला.

त्यानंतर वर्ष-दीड वर्षाने रंगनाथ आणि कौसल्या परत आले. या वेळी बैल नव्हता. गावाकडे पाऊस झाला होता, पण शेत उभं करायला जोडी नव्हती, बी नव्हतं, अंगात जोर नव्हता. जमीन भावाकडे सोडून ते ठाण्याकडे बांधकामावर निघाले होते. रंगनाथच्या पायात आता रबरी चपला होत्या. तो अंगणाशी आला, थांबला, चपला काढल्या आणि सरळ आत येऊन चुलीपाशी बसला.

"पाणी द्या," तो म्हणाला.

सोनाबायने तांब्या दिला. तो प्याला. तिने ताटली ठेवली, तो जेवू लागला. कौसल्या पदराने तोंड झाकून भिंतीकडे बघत होती. मुक्ता वाढली होती, वालाच्या शेंगा सोलून सोलून खात होती. सोनाबायने त्यांना एकच प्रश्न विचारला, "बैल कसा हाय?"

"विकला," रंगनाथ म्हणाला. "त्याला तिकडं काय काम." आणि मग त्याला पुढे जेववेना. त्याने हात धुतला. सोनाबायने उरलेली भाकरी फडक्यात बांधून पोरीच्या हातात दिली. ते पुन्हा कधी आले नाहीत. पत्र पाठवायला त्यांना लिहिता येत नव्हतं आणि सोनाबायला वाचता येत नव्हतं.

खालचा तुकडा अशोकने आणलेल्या बियाण्यावर पुढच्याच पावसात पुन्हा लागवडीखाली आला होता. काही वर्षं बरी गेली, काही नाही. मृगाला आता कुणी फारसं मोजेना. सोनाबाय मिश्री लावत आभाळ बघायची, पण मोठ्याने सांगायची बंद झाली होती. तो आवाज बाकी सगळ्या बाबतींत शाबूत होता.

माझी बदली कर्जतकडे शेलूजवळ झाली. लग्न झालं, मुलं झाली. सुरुवातीला सुटीत जायची, मग जाणं विरळ झालं. अशोकने आईला मोहोपाड्याला ये म्हणून खूप सांगितलं. ती चार दिवस राहून परत यायची. तिकडे हवेत कसला तरी वास येतो, म्हणायची.

शेवटचं तिला बघितलं ते ऐंशी साल उलटून गेल्यानंतर, कार्तिकात. त्या वर्षी भात कापून शेतात पसरलेलं असताना पाऊस आला होता, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, दोन दिवस. मी कामासाठी एस.टी.ने खालापूरला चालले होते. पाऊस थांबून ऊन पडलं होतं. वाडीच्या जवळ गाडीचा वेग मंदावला. डांबरी रस्त्याच्या निम्म्या भागावर लोकांनी भिजलेलं भात वाळत घातलं होतं. शेतं ओली, अंगणं ओली, तापलेली जागा म्हणून तेवढा रस्ताच होता. दाण्यांना कुठे कुठे कोंब फुटलेले दिसत होते.

त्या लांबलचक पट्ट्याच्या मधोमध सोनाबाय होती. पाठीत वाकलेली, केस पांढरे, लुगडं तसंच गुडघ्यापर्यंत खोचलेलं. अनवाणी पायांनी ती भातातून सरी ओढत चालली होती, खालचं ओलं भात वर यावं म्हणून. ट्रक बाजूने जात होते, तिचं तिकडे लक्ष नव्हतं. आमच्या ड्रायव्हरने गाडीची एका बाजूची चाकं मातीत उतरवली आणि सावकाश कडेने काढली. मी खिडकीतून हाक मारली. इंजिनाच्या आवाजात तिला नीट ऐकू गेली नसावी. मान वर न करता तिने एक हात उंच केला. ड्रायव्हरला वाटलं तो त्याला आहे, त्याने हॉर्न वाजवला. मी मागे वळून बघत राहिले. रस्त्याच्या टोकाला पोचून ती वळली होती, आणि आधीच्या सरीला लागून नवी सरी ओढत परत येत होती.